रांगोळीवर बसणारा बोका

बत्तीस वर्षं मी सरकारी पगारावर गाई-म्हशींच्या मागे उभी राहिले. जनावरांची डॉक्टर म्हणजे नेमकं काय करता, असं कुणी लग्नाकार्यात विचारलं, की मी हात खांद्यापर्यंत उघडा करून दाखवायची आणि म्हणायची, "इथपर्यंत आत घालते." पुढचा प्रश्न सहसा यायचा नाही. गेवराईजवळच्या तलवाड्याला नोकरीची सुरुवात झाली आणि परळीच्या दवाखान्यातून मी निवृत्त झाले. मधल्या काळात अडलेली वासरं ओढली, फुगलेल्या शेळ्यांच्या पोटातला वारा काढला, बैलांच्या मूतखड्यांशी झटापट केली. मांजर मात्र इतक्या वर्षांत तीन-चारदाच टेबलावर आलं असेल. तलवाड्याला पहिल्यांदा एक बाई पदराखाली मांजर घेऊन आली, तेव्हा रांगेत मेंढरं घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले, "मॅडम, मांजराला बी डाक्टर लागाय लागला का? मंग उंदराला कोण बघणार?" सगळा दवाखाना हसला. मीही हसले, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

निवृत्तीनंतर परळीतच घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. वाटलं होतं, ओळखीच्या म्हशी येतील. आली मांजरं. आपल्या भागात इतकी मांजरं उशीला डोकं टेकून झोपतात, हे मला साठीत कळलं. आणि निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार एकच. शेतकरी ती सरळ सांगतो, "मॅडम, हे घरात मुततंय." नोकरदार माणूस खुर्चीत दोनदा सरकतो, बायकोकडे पाहतो आणि म्हणतो, "ते काय आहे, त्याचा ट्रे सोडून ते जरा... ओलावा करतं." मी म्हणते, मुततं म्हणा हो, माझं सगळं आयुष्य त्यातच गेलंय.

ज्यांनी मांजर पाळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घरात राहणाऱ्या मांजराला एका पसरट ट्रेमध्ये माती किंवा वाळू भरून देतात. ते तिथं जातं, उकरतं, बसतं आणि झाकून निघून येतं. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. असं मांजर एक दिवस ट्रे सोडून गादीवर बसलं, की घरातले म्हणतात, मुद्दाम करतंय, डूख धरलाय. मांजराला एवढी सवड नसते. त्याला लघवी करताना दुखत असतं, नाहीतर ट्रे आवडलेला नसतो, नाहीतर त्या जागेची भीती बसलेली असते. या तिन्हींतलं कुठलं, ते शोधणं हे माझं काम. म्हैस निदान ओरडून तरी सांगते. मांजर गादीवर मुतून सांगतं आणि वर मार खातं.

पहिली शंका नेहमी दुखण्याची घ्यायची, हे मी फार वाईट रीतीने शिकले. अंबाजोगाईच्या एका शिक्षिकाबाईंचा फोन आला होता. त्यांचा पिवळा बोका न्हाणीत, कोपऱ्यात, जिथं तिथं बसत होता, उठत होता, परत बसत होता. मी एका साखरपुड्यात होते, हातात पेढा होता. मी म्हणाले, "सवयीचा प्रश्न आहे, वाळू बदलून बघा." बसतोय तेव्हा काही पडतंय का, एवढा एकच प्रश्न मी विचारला नाही. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून वाळू बदलली. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोका आणला तेव्हा मूत्राशय दगडासारखं झालं होतं आणि माझ्या टेबलावरच तो गेला. बैलाचा मूतखडा गोठ्याच्या दारातून ओळखणारी मी!  बाईंनी सोबत आणलेला टॉवेल त्याच्याभोवती नीट गुंडाळला आणि त्याला घेऊन गेल्या. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते. तुमचा बोका वारंवार बसत असेल आणि काहीच पडत नसेल, तर हा अंक खाली ठेवा आणि आधी दवाखाना गाठा. बाकीचं नंतर वाचा.

त्यामुळे नामदेवराव त्यांच्या बोक्याला घेऊन आले, तेव्हा मी त्याला पार उलटासुलटा करून तपासला. नामदेवराव थर्मलमध्ये, म्हणजे आमच्या वीज केंद्रात, राखेच्या विभागात होते. कोळसा जळून उरलेली राख पुढं ढकलण्याचं काम त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं घर बांधलं होतं. बोक्याचं नाव चीफ. "काम काही करत न्हाई, फकस्त सगळीकडं फिरून बघतंय, म्हनून चीफ," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन मीच केलं होतं, त्यामुळे बोके हद्द आखायला भिंतीवर पिचकारी मारतात तो प्रकार नव्हता. हा व्यवस्थित बसून, शांतपणे, चुकीच्या ठिकाणी मुतत होता.

"नव्या घरात आल्यापासून सुरू हाय," नामदेवराव म्हणाले. "मॅडम, काय बी करा. महालक्ष्म्या तीन हप्त्यांवर आल्यात. त्याच्या आत हे सुधरलं न्हाई तर मंडळी ह्याला कड्याला धाडणार हायेत."

कडा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथं सुमनबाईंचा, म्हणजे त्यांच्या मंडळींचा, भाऊ होता आणि त्याच्या पेंडीच्या गोदामात उंदीर होते. बोक्याची सोय लागत होती. नामदेवरावांची लागत नव्हती. हा बोका त्यांनी डोळे न उघडलेला असताना कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवला होता. सांगता सांगता ते उगाचच पिंजऱ्याची कडी तपासू लागले.

तपासण्या स्वच्छ निघाल्या. मग मी घर बघायला गेले. हे आमच्या धंद्यात करावंच लागतं, कारण मालक सांगतो ते एक असतं आणि घर सांगतं ते दुसरं.

सुमनबाईंनी दार उघडलं तेव्हा मी चप्पल काढायलाही बिचकले. इतकं स्वच्छ घर मी दवाखान्यातसुद्धा पाहिलं नव्हतं. पांढरी फरशी, पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे. परळीत पांढरे पडदे लावायचे म्हणजे धाडसच. "मॅडम, तिकडं क्वार्टरला आमी लई राख झाडली," त्या म्हणाल्या. "सकाळी झाडायची, दुपारी झाडायची. धुणं वाळत टाकलं की राख, लोणच्याच्या बरणीच्या झाकनावर राख. हे घर बांधलं तवाच मी ह्यांना सांगितलं, माझ्या घरात चिमूटभर राख न्हाई पायजे. आन् आता हे बगा!"

बघण्यासारखं होतंच. चीफसाहेबांची ठिकाणं त्यांनी मला एकेक करून दाखवली. त्या प्रत्येक ठिकाणाहून मला एक ओळखीचा वास येत होता, पण तो बोक्याचा नव्हता.

"सुमनबाई, इथं काय शिंपडलंय?"

"गोमूत्र. त्यानं घाण केली की लगेच शिंपडते. शुद्ध नको व्हायला?"

आता यांना काय सांगावं! मांजर नाकावर जगतं. फरशीवरचा त्याचा स्वतःचा वास अजून गेलेला नाही, त्यावर एक भलंमोठं जनावर येऊन मुतून गेलंय, एवढंच त्याला कळतं. मग त्यालाही आपली हजेरी लावावी लागते. बोका आणि गाय यांचा असा सामना त्या घरात आठवडेच्या आठवडे चालला होता. गोमूत्राला मी नावं ठेवली असती तर त्या घरात मला कधी चहा मिळाला नसता, म्हणून मी म्हणाले, "गोमूत्र देवघरापुरतं ठेवा. इथं साध्या साबणाच्या पाण्याने धुवा आणि कोरडं करा. फिनेलही नको, मांजराला ते बाधतं." त्यांनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

फरक पडला नाही. मग मी माझी सगळी विद्या पणाला लावली. ट्रे शांत कोपऱ्यात हलवला. एकाचे दोन केले. पुण्याहून झाकणाचा ट्रे मागवला, त्यात चीफने एकदा डोकं घातलं आणि शिंकून परत काढलं. गुलाबाच्या वासाची महागडी वाळू आणली. मांजराच्या मुताला गुलाबाचा वास यावा असं मांजराला कधीच वाटत नाही, ही अक्कल मला नंतर आली. मग बिनवासाचे गोळे, मग लाकडाचा भुसा, मग नदीची वाळू. बोका प्रत्येक ट्रेला प्रदक्षिणा घालायचा आणि दुसरीकडं जाऊन बसायचा. नामदेवराव रोज सकाळी फोन करून अहवाल द्यायचे. "आज गादी वाचली, मॅडम. पर पिठाच्या डब्याचं झाकन उघडं राहिलतं." एवढं सांगून ते नवं दळण टाकायला गेले.

महालक्ष्म्यांना पाच दिवस उरले तेव्हा सकाळी सुमनबाईंचाच फोन आला. पहिल्यांदाच. "मॅडम, आत्ताच्या आत्ता या."

मी गेले. दारात त्यांनी सुरेख रांगोळी काढली होती आणि रांगोळीच्या मधोमध चीफ बसला होता. आमच्या देखत त्याने कमळाच्या चार पाकळ्या उकरल्या, डोळे मिटले, काम उरकलं आणि उरलेल्या पाकळ्यांनी ते नीट झाकून टाकलं. इतका समाधानी बोका मी आयुष्यात पाहिला नाही.

"चार दिवस झाले, रोज हेच करतंय! आन् पाच दिवसांनी महालक्ष्म्यांची पावलं काढायची हायेत, दारापासून मखरापर्यंत," सुमनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "लक्षुमी यायच्या पावलांवर हे बसलं तर मी काय करू? कावून असं करतंय हे? आमचं काय चुकलं?"

त्यांना वाटत होतं देव रागावलाय. मला मात्र पहिल्यांदाच काहीतरी उमगत होतं. रांगोळी. पिठाचा डबा. मी विचारलं, "अजून कशाकशावर बसलाय तो? सगळं सांगा." सुमनबाई बोटांवर मोजू लागल्या. पावडरचा डबा सांडला होता तिथं. गवंड्याने ठेवलेल्या उरलेल्या सिमेंटच्या पोत्यावर. ट्रंकेतून काढलेल्या नामदेवरावांच्या कामावरच्या जुन्या कपड्यांवर.

मी नामदेवरावांकडे वळले. "क्वार्टरला असताना हा कुठं जायचा?"

"मागं."

"मागं म्हणजे कशात?"

"मागं म्हंजे मागं, मॅडम. भरावाला राख टाकलेली व्हती ना मोठी. तितं. दुसरं काय असनार तितं?"

दोन आठवडे मी या माणसाला बोक्याचं खाणं, पाणी, झोप, भीती, सगळं विचारलं होतं. हा एक प्रश्न मला सुचला नाही आणि त्यांनाही सांगावंसं वाटलं नाही, कारण परळीच्या माणसाला राख ही सांगण्याची गोष्टच वाटत नाही. मी स्वतः रोज सकाळी ओसरीवरची राख झाडून मग चहा पिते. पिल्लू असताना मांजराच्या पायाखाली जे येतं तीच त्याच्या लेखी माती, हे मी दहा लोकांना समजावलं होतं. इथं बिचारा बोका घरभर राख शोधत फिरत होता आणि मी त्याला गुलाब हुंगायला देत होते.

"ट्रेमध्ये राख भरा," मी म्हणाले. "आजच्या आज सुटेल प्रश्न."

 नामदेवराव बायकोकडे बघत राहिले. सुमनबाई उठल्या, रांगोळीवर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "राख न्हाई."

"सुमनबाई, एका ट्रेपुरती. मागच्या मोरीशेजारी."

"मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या हायेत. तीस वर्सं मी ह्यांच्या कपड्यांतून राख धुतली, पोरांच्या डोक्यातनं धुतली. रातभर खोकला. या एका घरासाठी दिवस काढले मी. त्यात परत राख आनू?"

त्यांचं चुकत नव्हतं. उत्तर नामदेवरावांनी दिलं. ते आत गेले, वेताची झाकणाची टोपली घेऊन आले आणि तिच्यात जुनी चादर अंथरायला लागले. "तिचं बरोबर हाय, मॅडम," ते म्हणाले. "राख मी आनली घरात, तिनं न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं मी ह्याला कड्याला सोडून येतो." चादरीची घडी त्यांना काही केल्या जमत नव्हती. चीफ आपण होऊन टोपलीत शिरला आणि आतून साहेबी थाटात सगळीकडे बघू लागला. मी निरोप न घेताच निघाले. एवढ्या वर्षांची डॉक्टरकी, निदान बरोबर आणि औषध दारातच अडलेलं. घरी येऊन मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. "मॅडम, राख कसली पायजे? जाड का बारीक?"

सुमनबाईंचा आवाज होता आणि तो अगदी रागीट होता.

मी भराभर सांगितलं. वाऱ्यावर उडणारी बारीक राख अजिबात नको, ती माणसाच्याही छातीत जाते आणि बोक्याच्याही. बॉयलरच्या तळाशी पडते ती जाड राख घ्यायची, चाळायची, वरून पाण्याचा हलका हबका मारायचा आणि दर आठवड्याला बदलायची. "बरं," त्या म्हणाल्या. "पर महालक्ष्म्या उठेस्तवरच. मंग तुमी त्याला दुसरी सवय लावायची." रात्रीत काय झालं ते मी विचारलं नाही. पुढं कधीतरी त्यांनीच सांगितलं, की नामदेवराव सकाळी टोपली उचलून दारापर्यंत गेले आणि पायात चप्पल घालायचीच विसरले. "अनवानी चालले व्हते कड्याला. अशा मानसाला कसं जाऊ द्यायचं?"

नामदेवरावांचा एक जुना सहकारी राखेच्या विटा पाडायचा. रस्त्याकडेला त्याचं यार्ड होतं. तिथून दुपारपर्यंत अर्धं पोतं आलं. सुमनबाईंनी नाकाला पदर लावून ते स्वतः चाळलं, दुसऱ्या कुणाच्या चाळण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ट्रे ठेवला. चीफ आला, वाकला, एक पाय आत घातला. मग दुसरा. मग त्याने इतक्या जोरात उकरायला सुरुवात केली, की नामदेवराव फोनवर मला तो आवाज ऐकवत होते. "मॅडम, बसला! मॅडम, बसला बगा!" शेजारीपाजारी कुणाला वाटलं असेल, मुलगा परीक्षेला बसला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. दारापासून मखरापर्यंत पांढरी पावलं कुठंही न मोडता गेली होती. नव्या साड्यांमध्ये दोघी महालक्ष्म्या उभ्या होत्या, पुढं फराळ, आणि मखराजवळच्या सतरंजीवर चीफ कडेला पडून झोपला होता. पुरणपोळीवर तूप वाढताना सुमनबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "एक थेंब न्हाई, मॅडम." मला सरकारकडून दोन वेळा प्रशस्तिपत्रक मिळालंय. ते कुठल्या कपाटात आहे ते मला ठाऊक नाही, पण हे वाक्य मी सगळ्यांना सांगत फिरते.

ठरल्याप्रमाणे मला आता बोक्याची राख सोडवायची होती. घाई करून चालत नाही. आधी मूठभर साधी बिनवासाची वाळू राखेत मिसळायची, आठवड्याने दोन मुठी, असं करत महिना-दीड महिन्यात राख संपते आणि मांजराला पत्ता लागत नाही. दसरा झाल्यावर एका शनिवारी मी वाळूची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. नामदेवराव बाहेर गेले होते. सुमनबाई मेथी निवडत होत्या. मी त्यांना मोठ्या उत्साहाने सगळा क्रम सांगितला आणि म्हणाले, "दीड महिन्याने तुमच्या घरात चिमूटभर राख राहणार नाही."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक बोलू, मॅडम? राख बंद नका करू."

"अहो, तुम्हालाच तर नको होती!"

"मलाच नको व्हती." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "हे रिटायर झाल्यापासून आठ महिने नुसते खुर्चीवर बसून. जेवा म्हनलं की जेवायचे, झोपा म्हनलं की झोपायचे. मी फरशी बघत बसले, बोक्याकडं बघत बसले, ह्यांच्याकडं बघितलंच न्हाई. आता दर शनवारी राख आनायला म्हनून यार्डात जातेत. जुने गडी भेटतेत, च्या पितेत, तावातावानं भांडतेत. हप्त्यातनं एक दिवस मानूस शीळ घालत घरी येतंय, मॅडम. लागू द्या माझ्या घराला राख."

बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. सुमनबाईंनी वाळूची पिशवी उचलून माझ्या हातात परत दिली आणि पोतं उतरवायला बाहेर गेल्या.